शेकरमागचा ‘प्रोफेसर’

जेरी थॉमस. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत ड्रिंक्स बनवण्याच्या कामाला त्याने ग्लॅमर दिलं, भरपूर पैसा कमावला आणि सगळा घालवलाही. तरी आज जगभरातले बारटेंडर त्याचं नाव घेतात, ते त्याने लिहिलेल्या एका पुस्तकामुळे.

कर्दे, मुरुड, लाडघर, हर्णै. दापोलीच्या या पट्ट्यात आता नुसते वीकेंडवाले येत नाहीत, लग्नाची अख्खी वऱ्हाडं येतात. बीचवर हळद, रिसॉर्टच्या लॉनवर संगीत आणि एका कोपऱ्यात लायटिंग केलेलं ड्रिंक्स काउंटर. तिथे काळा एप्रन घातलेला, आपल्याच वयाचा एक मुलगा शेकर हवेत भिरकावतो, पाठीमागून झेलतो, कोकमाच्या लालभडक सरबतात पुदिना आणि सोडा घालून ग्लास पुढे सरकवतो. जेवणाआधी वऱ्हाड तिथेच घुटमळतं. रील्सही त्याचेच सगळ्यात जास्त निघतात.

आता हाच मुलगा आपल्या घरातला आहे असं समजा. त्याने घरी सांगितलं की मला हेच करायचंय, इव्हेंट बारटेंडिंग. काय होईल? आई गप्प. बाबा पेपर खाली ठेवणार. काका म्हणणार, एवढं शिकवलं ते दारू वाढायला का? सरकारी नोकरी, इंजिनीअरिंग, कृषी विद्यापीठात अ‍ॅग्री, नाहीतर सरळ मुंबई, या आपल्या यादीत बारटेंडर कुठे बसतच नाही. त्यात आवड आहे, मेहनत आहे, हातात कला आहे, हे कोणाला पटवायचं म्हणजे डोंगर चढण्यासारखं.

म्हणूनच आज जेरी थॉमसची गोष्ट. तो कोकणातला नाही, भारतातही कधी आल्याचं माहीत नाही. पण या कामाचं नाव काढलं की सुरुवात त्याच्यापासूनच करावी लागते. आणि त्याच्या गोष्टीतला एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो, तो पुढे सांगते.

सोन्याच्या मागे

जेरी थॉमसचा जन्म १८३० चा. गाव सॅकेट्स हार्बर, न्यूयॉर्क राज्यात, ओंटॅरिओ सरोवराच्या काठी. छोटं बंदराचं गाव. कॉलेज वगैरे काही नाही. पोरवयातच तो कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन शहरात गेला आणि तिथे बारमध्ये काम शिकला. म्हणजे ग्लास धुणं, लिंबं पिळणं, साखर कुटणं, बर्फ फोडणं. मोठ्या बारवाल्याच्या हाताखाली पडेल ते काम करत शिकायचं, याला दुसरा रस्ताच तेव्हा नव्हता. पुस्तक नाही, कोर्स नाही, सर्टिफिकेट नाही.

मग तो जहाजावर खलाशी म्हणून लागला आणि १८४९ मध्ये कॅलिफोर्नियाला पोचला. साल लक्षात घ्या. त्याच सुमाराला तिथे सोनं सापडलं होतं आणि जगभरातून लोक फावडी घेऊन धावत होते. सॅन फ्रान्सिस्को बघता बघता गावाचं शहर झालं होतं. जेरीनेही सोनं शोधून बघितलं. पण खाणीत राबणाऱ्यांपेक्षा त्यांना रात्री ग्लास भरून देणाऱ्याच्या हातात पैसा जास्त टिकतो, हे त्याला लवकर कळलं असावं. तो परत बारमागे उभा राहिला. मधल्या काळात त्याने नाटकमंडळीसारखा एक शोही चालवला. त्या काळचे हे शो म्हणजे गोरे कलाकार तोंडाला काळं फासून काळ्या लोकांची टिंगल करायचे. आज ते ऐकवतसुद्धा नाही, पण जेरीच्या आयुष्यात ते होतं, म्हणून सांगितलं पाहिजे. लोकांना समोर बसवून ठेवायचं कसं, हे मात्र तो तिथेही शिकलाच असणार.

१८५१ मध्ये न्यूयॉर्कला परत येऊन त्याने स्वतःचं सलून टाकलं. सलून म्हणजे दारूचा गुत्ता कम अड्डा, आपलं केस कापायचं नव्हे. जागा काय निवडली, तर बार्नमच्या प्रसिद्ध अजबखान्याच्या खाली. वर दोन डोकी चार पाय बघायला गर्दी, खाली जेरीचं काउंटर. धंद्याची अक्कल बघा!

त्यानंतर तो एका जागी टिकला नाही. सेंट लुईस, शिकागो, चार्ल्सटन, न्यू ऑर्लीन्स, पुन्हा सॅन फ्रान्सिस्को. मोठमोठ्या हॉटेलांत हेड बारटेंडर म्हणून तो फिरत राहिला. जाईल तिथली पद्धत बघायची, तिथली ड्रिंक्स शिकायची, आपली त्यात मिसळायची. आज मोठे बारटेंडर वेगवेगळ्या शहरांत जाऊन दोन रात्रींचे ‘गेस्ट शिफ्ट’ करतात ना, साधारण तोच प्रकार. फक्त तेव्हा प्रवास जहाजाने आणि घोडागाडीने.

बर्फ आला आणि खेळ बदलला

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. अमेरिकन बारटेंडरच वेगळे का ठरले? उत्तर अगदी साधं आहे, बर्फ. फ्रीजचा शोध अजून घरात पोचला नव्हता, पण अमेरिकेच्या उत्तरेला हिवाळ्यात तलाव गोठायचे. त्यातून करवतीने लाद्या कापायच्या, लाकडाच्या भुशात गुंडाळून साठवायच्या आणि उन्हाळाभर विकायच्या. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने हा धंदा इतका वाढवला की १८३३ मध्ये त्याचा बर्फ जहाजाने थेट कोलकात्याला आला आणि पुढच्याच वर्षी आपल्या मुंबईत.

बर्फ स्वस्त झाला म्हणून ड्रिंक थंड करता येऊ लागलं. थंड करायचं तर हलवायला किंवा ढवळायला हवं. हलवलं की बर्फ थोडा वितळतो, पाणी मिसळतं आणि तिखटपणा उतरतो. किती वेळ हलवायचं, बर्फ फोडून घ्यायचा की चुरून, गाळून द्यायचं की बर्फासकट, यात सगळी चव. म्हणजे बारटेंडरचं काम आता फक्त ओतण्याचं राहिलं नव्हतं. सरबत करताना आजी साखर विरघळायच्या आधी बर्फ घालू देत नाही, कारण गारव्यात साखर विरघळत नाही. तेच शास्त्र.

आगीचा धबधबा

जेरीचं सगळ्यात गाजलेलं ड्रिंक मात्र थंड नव्हतं. ‘ब्लू ब्लेझर’. मुठी असलेले दोन धातूचे मग घ्यायचे. त्यात व्हिस्की आणि उकळतं पाणी. व्हिस्कीला काडी लावायची आणि पेटलेलं ते मिश्रण एका मगमधून दुसऱ्यात उंचावरून ओतायचं, पुन्हा उलट, चारपाच वेळा. अंधाऱ्या खोलीत निळ्या आगीची धार दोन हातांच्या मध्ये लोंबकळताना दिसते. मग विझवायचं, साखर आणि लिंबाची साल घालून द्यायचं. आजच्या भाषेत हा ‘फ्लेअर’, तोही इन्स्टाग्रामच्या दीडशे वर्षं आधी.

पण त्याने हे लिहून ठेवताना काय सांगितलंय ते जास्त मजेशीर आहे. नवख्या माणसाने आधी बरेच दिवस साध्या गार पाण्यावर सराव करावा, नाहीतर भाजून घ्याल, असा त्याचा सल्ला आहे. शो मागून, सराव आधी. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये बाटली फिरवून बघणाऱ्यांनी हे वाक्य भिंतीला चिकटवावं. (आणि घरी आगीचं कोणीही करू नये, हे वेगळं सांगायला नको.)

थाटमाट त्याला मनापासून आवडायचा. हातात पांढरे मऊ चामड्याचे मोजे, पॅरिसचं सोन्याचं घड्याळ. १८५९ मध्ये तो युरोपच्या दौऱ्यावर गेला तेव्हा बरोबर चांदीच्या भांड्यांचा सेट नेला होता, त्याची किंमत तेव्हाचे काही हजार डॉलर होती असं सांगतात. लोक त्याला ‘प्रोफेसर’ म्हणायचे. थापाही मारायचा. ‘टॉम अँड जेरी’ नावाचं अंड्याचं गरम ड्रिंक आपणच शोधलं आणि आपलं नाव दिलं, असं तो सांगत सुटायचा. पण त्या ड्रिंकचा उल्लेख १८२७ च्या वर्तमानपत्रात सापडलाय. तेव्हा प्रोफेसरसाहेबांचा जन्मसुद्धा झाला नव्हता.

१८६२ ची वही

एवढ्यावर जेरी थांबला असता तर तो आज कोणाला माहीत असता का? शंकाच आहे. तशी दिमाखदार माणसं प्रत्येक मोठ्या शहरात होती.

१८६२ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘डिक अँड फिट्झगेराल्ड’ या प्रकाशनाने त्याचं पुस्तक काढलं, ‘हाऊ टु मिक्स ड्रिंक्स’. अमेरिकेत छापलेलं बारटेंडरचं हे पहिलं पुस्तक. दोनशेहून जास्त पाककृती, प्रत्येकात मापं. किती चमचे साखर, कोणत्या आकाराचा ग्लास, बर्फ किती, हलवायचं की ढवळायचं.

त्या काळात हे धाडस होतं. बारवाल्यांची कला हातात असायची, कागदावर नाही. आपलं गुपित कोण सांगणार? गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल ना! आपल्याकडेही मसाल्याचं प्रमाण विचारलं की उत्तर येतं, अंदाजाने घालायचं. जेरीने तो अंदाज उघड केला. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोतलं ड्रिंक बोस्टनमध्ये तसंच बनू लागलं. ज्याला आपण आज ‘स्टँडर्ड रेसिपी’ म्हणतो, ज्यावर प्रत्येक इव्हेंट कंपनीचं गणित चालतं, त्याची ही सुरुवात.

गंमत म्हणजे या पुस्तकात कॉकटेल म्हणून दिलेली ड्रिंक्स फक्त दहा आहेत! कारण ‘कॉकटेल’ हा तेव्हा एक छोटा प्रकार होता. १८०६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका वर्तमानपत्राने त्याचा अर्थ सांगितला होता, मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे कडू औषधी अर्क. पुस्तकाची सुरुवात होते ती दुसऱ्याच प्रकाराने. त्याचं नाव ‘पंच’.

आता तो कोकणचा धागा. १६७० च्या दशकात जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर फिरत होता. त्याने लिहून ठेवलंय की गोव्याच्या नेरूळला उत्तम दारू गाळली जाते आणि तिच्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज ‘पंच’ नावाचं पेय करतात. नाव का, तर त्यात पाच जिन्नस. पंचमधले ठरलेले पाच म्हणजे दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला. सगळेच अभ्यासक हे मूळ मान्य करत नाहीत, पण पंच हे पेय इंग्रजांनी हिंदुस्थानातून घरी नेलं, याबद्दल फारसा वाद नाही. इथून ते लंडनला गेलं, तिथून अमेरिकेला आणि दोनशे वर्षांनी जेरी थॉमसच्या पुस्तकाच्या पहिल्या भागात जाऊन बसलं. त्यात आशियातल्या ‘अ‍ॅरॅक’ दारूचा पंचसुद्धा आहे. वरून किसलेलं जायफळ घालायची पद्धतही त्याच वाटेने गेलेली. दापोलीत नारळ-सुपारीच्या बागेत जायफळाचं झाड असतं, ते आपण श्रीखंडापुरतं आठवतो.

ज्यांची वही राहिली नाही

जेरीला ‘अमेरिकन मिक्सॉलॉजीचा बाप’ म्हणतात. पण तो एकटाच हुशार होता असं अजिबात नाही. त्याच काळात व्हर्जिनियात रिचमंड इथे जॉन डॅब्नी नावाचा काळा बारटेंडर होता. गुलामगिरीत जन्मलेला. पुदिना आणि बर्फाचं त्याचं ‘मिंट ज्युलेप’ इतकं नावाजलेलं की त्या कमाईतून त्याने आपल्या बायकोचं स्वातंत्र्य विकत घेतलं. अशा कितीतरी काळ्या कारागिरांच्या हातावर हा धंदा उभा होता. पण काळ्या अमेरिकन बारटेंडरच्या नावावर पहिलं पुस्तक यायला १९१७ उजाडलं, टॉम बुलक याचं. जेरीनंतर तब्बल ५५ वर्षांनी. ज्याला लिहायची, छापायची संधी मिळते त्याचं नाव राहतं. बाकीच्यांचं हातांबरोबर जातं.

भोपळे आणि शेअर बाजार

१८६६ मध्ये जेरीने भाऊ जॉर्जबरोबर न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर स्वतःचा बार उघडला, एकविसाव्या आणि बाविसाव्या रस्त्याच्या मध्ये. हे त्याच्या आयुष्यातलं शिखर. आत जाड-बारीक दाखवणारे जत्रेतले आरसे लावलेले. भिंतींवर थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराची चित्रं. अमेरिकेच्या राजकारणाला घाम फोडणारा हा नास्ट, त्याची चित्रं टांगणाऱ्या पहिल्या काही जागांमध्ये जेरीचा बार होता. लोक प्यायला यायचेच, बघायलाही यायचे. आता ‘एक्सपीरियन्स’ विकायचा असतो असं मार्केटिंगच्या लेक्चरला शिकवतात, ते हेच.

स्वभावाने माणूस गमत्या. न्यूयॉर्कच्या ‘फॅट मेन्स असोसिएशन’चा, म्हणजे जाड्यांच्या क्लबचा तो सभासद होता. वजन ९३ किलोच्या आसपास, तरी तिथे तो हलक्यांत मोडायचा! चित्रं जमवायचा. आणि छंद कसला, तर भोपळे. वेगवेगळ्या आकाराचे दुधी-भोपळे. सगळ्यात मोठा नग आणून तो भोपळा क्लबचा अध्यक्षसुद्धा झाला. लग्न झालेलं, दोन मुली. सगळं छान चाललेलं.

आणि मग वॉल स्ट्रीट. बारवर रोज शेअर बाजारातली माणसं यायची की आणखी काही कारण, पण जेरी सट्ट्यात उतरला. त्याचे अंदाज चुकत गेले. पैसा बुडाला. चाललेला बार विकावा लागला, हौसेने जमवलेली चित्रं लिलावात गेली. त्याने पुन्हा नवीन बार काढून बघितला, पण तो काही जमला नाही. एकदा हललेली गर्दी परत आली नाही. १५ डिसेंबर १८८५ रोजी मेंदूच्या झटक्याने न्यूयॉर्कमध्ये त्याचा मृत्यू झाला. वय ५५. शहरातल्या वर्तमानपत्रांनी मृत्युलेख छापले. एका बारटेंडरवर! पण गल्ल्यात फार काही उरलेलं नव्हतं.

हा भाग वाचताना मला जास्त अडखळायला झालं. ज्या माणसाने पाव चमच्याचा हिशोब लिहून ठेवला, त्याने पैशाचं माप मात्र अंदाजानेच ठेवलं. इव्हेंटच्या धंद्यात असणाऱ्यांना हे नक्की कळेल. नोव्हेंबर ते मे लग्नसराई, खिसा गरम. पावसात चार महिने रिसॉर्ट ओस. कला कितीही असो, आषाढात घर कशावर चालवायचं हे आधी ठरवावं लागतं. आणि घरच्यांची काळजी ‘लोक काय म्हणतील’ एवढीच नसते, ती या चार महिन्यांचीही असते. त्यांना पटवायचं तर शेकर उडवून दाखवण्यापेक्षा हिशोबाची वही दाखवलेली बरी.

पुस्तक मात्र टिकलं

जेरी गेल्यावरही पुस्तकाची आवृत्ती निघाली, १८८७ मध्ये. मग १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी आली. बार बंद, जुने कारागीर पांगले, काही युरोपात गेले. एक अख्खी पिढी शिकवायलाच कोणी राहिलं नाही. नंतरच्या काळात पावडरीची लिंबं आणि बाटलीबंद मिश्रणं आली, चव गेली.

१९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘रेनबो रूम’मध्ये डेल डीग्रॉफ नावाच्या बारटेंडरने ताजी लिंबं, ताजा रस आणि जुन्या पद्धती परत आणायला घेतल्या. त्याच्या हाताशी होतं जेरीचं सव्वाशे वर्षांपूर्वीचं पुस्तक. आज ज्याला ‘क्राफ्ट कॉकटेल’ म्हणतात, ज्याची लाट मुंबई-गोव्यापर्यंत आली, तिची ठिणगी इथली. २००७ मध्ये डेव्हिड वॉन्ड्रिच यांनी जेरीचं चरित्र सांगणारं ‘इम्बाइब’ हे पुस्तक लिहिलं आणि विसरलेला प्रोफेसर पुन्हा जगापुढे आला. बार गेला, चित्रं गेली, पैसा गेला. मापं लिहिलेली राहिली, म्हणून कला परत उभी करता आली.

आणि आपलं काय?

आपल्याकडे मे महिन्यात रतांबे फोडून, वाट्यांत साखर भरून बरण्या उन्हात ठेवतात. अमृत कोकम. शेजारच्या घरचं वेगळं लागतं, आपलं वेगळं. आगळ, करवंदाचं सरबत, जांभूळ, कैरीचं पन्हं, सोलकढीत लसूण किती आणि मिरची किती. याच दापोलीत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’, ‘कोकण हातिस’ अशा कोकमाच्या जाती काढल्या. म्हणजे फळ आहे, संशोधन आहे, किनाऱ्यावर गिऱ्हाईकही आलंय. वही कुठाय? किती रतांब्यांना किती साखर, किती दिवस ऊन, किती पाण्यात किती आगळ, हे किती घरांत लिहिलेलं आहे?

बारटेंडिंग आवडणाऱ्या दापोलीच्या मुलामुलींना सुरुवातीला ना चांदीचे मग लागतात ना विदेशी बाटल्या. एक पेग मेजर, एक वजनकाटा, शंभर पानी वही आणि घरातली बाई जी हे वर्षानुवर्षं करत आली. तिच्या शेजारी बसायचं, ती अंदाजाने घालेल ते आधी मोजून मग घालू द्यायचं. ती थोडी चिडेल. चालेल. आणि वहीत पाककृतीशेजारी तिचं नाव लिहायचं, जॉन डॅब्नीसारखं ते मागे राहू नये म्हणून.

गार पाण्यावरचा सराव तोपर्यंत चालू ठेवायला हरकत नाही.

चौकट : आधी हे माहीत हवं

• महाराष्ट्रात कडक मद्य पिण्यासाठी वयाची अट २५ वर्षं आहे. शिकायला मॉकटेल पुरतात. मोजणं, हलवणं, गाळणं, सजवणं हे सगळं तंत्र तेच असतं.

• कार्यक्रमात मद्य द्यायचं असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा त्या दिवसापुरता परवाना लागतो. काम स्वीकारण्याआधी आयोजकाकडे तो आहे का, हे विचारा.

• हॉटेल मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमात पेय-सेवा हा विषय असतो. फक्त बारटेंडिंग शिकवणाऱ्या संस्थाही आहेत. भारतातल्या सुरुवातीच्या महिला बारटेंडरपैकी एक असलेल्या शतभी बसू यांची ‘स्टर’ अकादमी मुंबईत आहे.

• समोरच्याला किती झाली हे ओळखून थांबवणं आणि तो गाडीच्या चावीला हात लावणार नाही हे बघणं, हाही या कामाचाच भाग आहे.